चरख्याची हजेरी

विदरहॅम गावात आयव्ही लार्टरच्या कानांबद्दल कुणी शंका घेतली असती, तर गावाने त्या माणसाला आधी चहा पाजला असता आणि मग बाहेरचा रस्ता दाखवला असता. चाळीस वर्षं तिने या गावात टपाल वाटलं, तेही सायकलवरून, आणि सायकलवरच्या माणसाला गाव डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळतं. कुणाच्या घरात धुसफूस चाललीय, कुणाचं बाळ खोकतंय, कुणाच्या परसात कस्तुराची पिल्लं निघालीत, हे सगळं तिला दारातून पत्र सरकवतानाच समजायचं. एकाहत्तराव्या वर्षीही चर्चमध्ये दोन बाकं मागे बसून कुणी तिच्या टोपीबद्दल कुजबुजलं, की प्रार्थना संपल्यावर ती सरळ त्या बाईसमोर जाऊन उभी राहायची. "टोपी जुनी आहे खरी," म्हणायची, "पण खालचं डोकं अजून चालतंय."

गावच्या वसंतफेरीची सूत्रं अशा बाईच्या हातात असणार हे उघडच होतं. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी सहाला हातपंपापाशी जमायचं, गायरान ओलांडून दलदलीच्या कडेकडेने गिरणीच्या चरापर्यंत जायचं. ऊन चढेपर्यंत पाखरं, ऊन चढल्यावर फुलपाखरं, आणि चरावरचं पाणी जरा तापलं की चतुर आणि त्यांच्याहून सडपातळ टाचण्या. मध्ये कधीतरी थर्मासमधला चहा आणि अंड्याची सँडविच. अशी एकतीस वर्षं गेली, आणि एकतीस वर्षांत एकदाही फेरी चुकली नाही. एका वर्षी तर इतका गारठा होता की चतुर एकही दिसला नाही, पण सिरिल पेगच्या नाकाचं लाल टोक पाहून आयव्ही म्हणाली होती, "चला, लाल टाचणी तरी एक मिळाली."

हा सिरिल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. वयाने आयव्हीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, स्वभावाने मवाळ, आणि आयव्ही जे म्हणेल त्याला "अगदी, अगदी" म्हणणारा.

फेरीनंतरचा भाग मात्र फेरीपेक्षाही महत्त्वाचा. दुपारी तीनला सगळे गावच्या सभागृहात जमायचे, बेदाण्यांचा केक कापला जायचा आणि आयव्ही निळ्या पुठ्ठ्याची वही उघडून हजेरी घ्यायची. शाळेत मुलांची घेतात तशीच. ती नाव वाचणार, "बगळा?" आणि ज्याने पाहिला किंवा ऐकला तो म्हणणार, "हजर!" दोन आवाज आले तरच वहीत खूण. एकच आवाज आला तर नाही. "एकट्याने पाहिलेलं पाखरू ही गोष्ट झाली," आयव्ही म्हणायची, "नोंद नाही." हा नियम तिचाच, आणि तिने तो कुणासाठीही वाकवला नव्हता. व्हिकरने, म्हणजे खुद्द गावच्या पाद्र्याने, पाहिलेलं घुबडसुद्धा तिने एकदा बाहेर ठेवलं होतं.

त्या वहीत एक पाखरू आयव्हीचं विशेष लाडकं. दिसायला काहीच नाही. चिमणीपेक्षा लहान, मातकट रंगाचं, जन्मभर गवताच्या बुडख्यांतून उंदरासारखं फिरणारं. पण एप्रिलच्या अखेरीस आफ्रिकेतून आलं, की काटेरी जाळीवर चढून चोच उघडतं आणि किर्रर्र असा एकसुरी आवाज काढतं, मिनिट मिनिटभर, श्वासही न घेता. गळ टाकणाऱ्यांच्या चरखीतून दोरी सुटताना होतो तसा आवाज. म्हणून आमच्याकडे त्याला चरख्या म्हणतात. आयव्हीचं मत जरा वेगळं होतं. ती प्रत्येक फेरीत नव्या माणसाला सांगायची, "चरखी वगैरे काही नाही. उतारावर पायडल न मारता सायकल सोडून दे आणि ऐक. डिट्टो तोच आवाज."

हा चरख्या चार वर्षांपूर्वी बंद पडला.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बिली थर्टलने दलदलीच्या उत्तरेची काटेरी जाळी तोडली होती. बिली लव्हाळी कापणारा. त्याचा बाप आणि आजाही तेच करायचे, आणि गावातली अर्धी छपरं त्यांनी कापलेल्या लव्हाळ्यांनीच शाकारलेली. जाळी माजली की लव्हाळं मरतं, म्हणून त्याने ती छाटली, तीही गावकमिटीला विचारून. पण मे महिन्यात आयव्ही फाटकापाशी उभी राहिली तर दलदल गप्प. तिने कान टवकारले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, सिरिलला घेऊन गेली. सिरिल म्हणाला, "अगदी शांत आहे गं." हजेरीला आयव्हीने नाव वाचलं, कुणीच हजर म्हटलं नाही, आणि तिने वहीत लिहिलं, "चरख्या : नाही. जाळीतोडीनंतर."

ते तीन शब्द बिलीला फार महागात पडले. गावकमिटीने आयव्हीची नोंद पाहून दलदलीतली कापणी थांबवली. दर वर्षी फेरीची यादी कमिटीपुढे जायची, दर वर्षी त्यात "चरख्या : नाही", आणि दर वर्षी बंदी पुढे सरकायची. कापणी बंद असूनही पाखरू का परत येत नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. उलट कमिटीने ठरवलं की जखम फारच खोल दिसते. पाचव्या वर्षीही चरख्या नसेल, तर दलदलीला कुंपण घालून बिलीचा विळा कायमचा बंद करायचा. ते वर्ष म्हणजे हे, एकोणीसशे एक्याण्णव, आणि कमिटीची बैठक फेरीनंतरच्या सोमवारी होती.

बिली गप्प बसला नव्हता. पहिल्याच वर्षी तो आयव्हीच्या दारात आला होता, टोपी हातात घेऊन.

"मावशी, चरख्या आहे गं. मी ऐकला. फाटकाच्या उजव्या अंगाला."

"कधी?"

"आज सकाळी. कालही."

"आणखी कुणी ऐकला?"

"एवढ्या सकाळी कोण असतंय माझ्याबरोबर?"

"मग ती गोष्ट झाली, बिली. नोंद नाही," आयव्ही म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण ती संतापलेली होती, आणि संतापलेली आयव्ही थांबत नसे. "आणि तुला ऐकू येणारच की. तुझा विळा अडकलाय त्यात."

बिलीने टोपी डोक्यावर घातली. "बरं, मिस लार्टर," म्हणाला आणि गेला.

बावन्न वर्षांच्या माणसाने मावशीची मिस लार्टर केली याचं गावाला हसू आलं असेल, आयव्हीला आलं नाही. हा बिली लहानपणी रोज तिच्या सायकलमागे धावत यायचा, "मावशी, माझं काही आलंय?" विचारायचा. त्याला कोण पत्र पाठवणार? म्हणून ती दर वाढदिवसाला स्वतःच एक कार्ड लिहायची, त्याला तिकीट लावायची आणि स्वतःच पोचवायची. भांडणानंतरही कार्ड गेलं. फक्त खाली "मावशी" नव्हतं, "आय. लार्टर" होतं. गावात एवढ्या शिस्तीत भांडणारी माणसं दुसरी नव्हती.

त्या चार वर्षांत आयव्हीच्या जगातून आणखीही बरंच काही गेलं. चर्चच्या देवदारावरचं सोनटिकली नावाचं चिमुकलं पाखरू गप्प झालं. जुलैमध्ये गायरानावर नाकतोड्यांचा जो गजर उठायचा तो नाहीसा झाला. शेतकरी काय काय फवारतात कुणास ठाऊक, आयव्ही म्हणायची, आणि गावच्या पत्रकात तसं लिहायचीही. सिरिल म्हणायचा, "अगदी, अगदी. मीही हेच म्हणतो." एकच गोष्ट त्या काळात सुधारली होती. तिच्या जुन्या सायकलला तिने नवं वंगण घातलं, आणि ती जन्मभर कटकट करणारी सायकल अशी मुकाट झाली की आयव्ही येणाऱ्याजाणाऱ्याला त्या वंगणाचं नाव सांगत सुटली होती.

त्या शनिवारी हातपंपापाशी अकरा माणसं जमली. दहा जण नेहमीचे, सगळे साठी ओलांडलेले. अकरावी लोरेन, गावची नवी टपालवाली, अठ्ठावीस वर्षांची, गुलाबी रबरी बूट घातलेली. आयव्हीने तिला कुठल्या घरचा कुत्रा चावतो आणि कुठला नुसताच बोलतो हे शिकवलं होतं, आणि त्या बदल्यात फेरीला यायचं कबूल करून घेतलं होतं.

"मला चिमणी आणि कोंबडी एवढंच कळतं, मिस लार्टर," लोरेन म्हणाली.

"कोंबडी कळते म्हणजे निम्मं काम झालं. बाकीच्या छोट्या कोंबड्याच समज."

सकाळ मोठी गोड होती. गायरानावर दव होतं, टिटव्या कोलांट्या मारत ओरडत होत्या, पलीकडे कुठेतरी कुकू आपलं नाव घोकत होता. तो सगळ्यांना ऐकू आला. दलदलीच्या आतून तपस, हा लव्हाळ्यात दडणारा बगळ्याचा भाऊबंद, घुमला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, आणि आयव्हीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "दोन आहेत. एक जवळ, एक गिरणीकडे." बरोबरच होतं ते. सिरिल कौतुकाने म्हणाला, "काय कान आहेत बाईचे."

फाटकापाशी आयव्हीने सगळ्यांना थांबवलं. हीच ती जागा. चार वर्षांत काटेरी जाळी पुन्हा कमरेएवढी वाढली होती, वर पांढरी फुलं फुटू लागली होती, आणि मागे न कापलेलं लव्हाळं वाळून, आडवं पडून, कुजून राखाडी झालं होतं. आयव्हीने डोळे मिटले. पाच मिनिटं कुणी हललं नाही.

"नाही," ती शेवटी म्हणाली. आवाजात दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर आपलं म्हणणं खरं ठरल्याचं थोडं समाधानही होतं.

"बिचारा," सिरिल म्हणाला.

सगळे पुढे निघाले. लोरेन मात्र फाटकाला टेकून दलदलीकडे पाहत राहिली होती.

"मिस लार्टर, तिकडे रस्ता आहे का?"

"कुठे?"

"त्या झुडपांमागे. कोणीतरी सायकल सोडलीय उतारावर, पायडल न मारता. कधीची किर्रर्र चाललीय. पण दिसत तर कुणी नाही."

दलदलीत रस्ता नव्हता. उतार तर आमच्या आख्ख्या मुलखात नाही. आयव्हीने लोरेनकडे पाहिलं, मग झुडपांकडे पाहिलं. तिला वाऱ्याची सळसळ ऐकू आली, कुकू ऐकू आला, पुढे गेलेल्या सिरिलचं खोकणं ऐकू आलं. त्याखेरीज काही नाही.

"अजून येतोय आवाज?" तिने विचारलं.

"हो की. हा काय. आता थांबला. नाही, पुन्हा सुरू झाला."

नव्या माणसाला चरख्याबद्दल सांगायची पद्धत आयव्हीने या वर्षी मोडली होती. नसलेल्या पाखराचं काय सांगायचं म्हणून. त्यामुळे लोरेनला सायकलचं कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने जे ऐकलं तेच सांगितलं होतं.

"चल," आयव्ही म्हणाली, "लोक पुढे गेले."

पुढची फेरी तिने कशी पार पाडली ते तिलाच ठाऊक. नारिंगी टोकाची पांढरी फुलपाखरं दाखवली. गिरणीच्या चराशी पिवळ्याकाळ्या शेपटीवालं मोठं फुलपाखरू आलं तेव्हा लोरेन लहान मुलीसारखी ओरडली, आणि आयव्ही हसलीही. लाल टाचण्यांची जोडी लव्हाळ्याच्या पात्यावर बसली होती. केसाळ छातीचा चतुर चरावर गस्त घालत होता. आयव्हीने सगळ्यांची नावं सांगितली, खुणा सांगितल्या, पण मनात एकच किर्रर्र चाललं होतं, तेही आठवणीतलं.

दुपारी घरी येऊन तिने कोट काढला नाही, किटली ठेवली नाही. सरळ मागच्या शेडमध्ये गेली. सायकल उलटी करून जमिनीवर टेकवली, पायडल धरलं आणि चाकाला जोरात फिरकी दिली.

चाक फिरत राहिलं. आवाज नव्हता.

वंगण फारच चांगलं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली. तिने वाकून बोट चाकाच्या मध्यावर, दात्यांच्या चकतीपाशी ठेवलं. बोटाला टकटकटकटक असं बारीक कंपन जाणवलं, भराभर, न थांबता. सायकल बोलत होती. चार वर्षं बोलत होती. पुढची किती वर्षं आपण त्या वंगणाचं कौतुक करत राहिलो असतो, देव जाणे.

ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली. तिला सगळं एकदम कळलं, आणि कळलेलं सोसवेना. सोनटिकली गेली नव्हती. नाकतोडे कुणी मारले नव्हते. माणसांचं बोलणं, कुकू, तपस, हे सगळं जाड आवाजाचं जग शाबूत होतं म्हणून तिला संशयही आला नव्हता. जे बारीक होतं तेवढंच कुणीतरी हळूच काढून घेतलं होतं. आणि सिरिलही म्हातारा, बाकीचेही म्हातारे. दहा म्हाताऱ्यांनी फाटकापाशी उभं राहून, कान देऊन, एकमेकांच्या साक्षीने एका जिवंत पाखराला वहीतून काढून टाकलं होतं. नियमात बसवून.

खरं तर गप्प राहणं सोपं होतं. लोरेनला आपण काय ऐकलं ते माहीत नव्हतं. सायकलची गोष्ट ती उद्या विसरली असती. एकटीने ऐकलेलं, म्हणजे तशीही नोंद नाही. नियम आयव्हीच्या बाजूने होता. सोमवारी कुंपणाचा ठराव झाला असता, गावाने आयव्हीचे आभार मानले असते, आणि आणखी चारपाच वर्षं ती फेरी घेत राहिली असती. कानांवाचून ती होती तरी कोण? एक टोपीवाली म्हातारी. हा विचार तिने केला, पूर्ण केला, आणि त्याची तिला भीती वाटली. मग तिला बिली आठवला, टोपी हातात घेऊन दारात उभा असलेला, आणि आपणच बोललेलं ते विळ्याचं वाक्य आठवलं. ती रडली. फार नाही, पण रडली.

तीनला सभागृह भरलं. बिलीची बायको पर्ल आतल्या खिडकीशी चहा ओतत होती. नवऱ्याचं भांडण नवऱ्यापाशी, चहा गावाचा, असा तिचा सरळ हिशेब. बिली स्वतः आत येत नसे. चहाचं मोठं भांडं परत न्यायला तो बाहेर गाडी लावून बसायचा.

आयव्हीने वही उघडली.

"बगळा?"

"हजर!" पाच आवाज.

"तपस?"

"हजर!"

"कुकू? भिंगरी? पाकोळी?"

नावं येत गेली, खुणा होत गेल्या. केक फिरत होता. मग आयव्हीचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चरख्या?"

सवयीने सिरिल हळहळला, "नाही गं. बिचारा."

"थांब, सिरिल," आयव्ही म्हणाली. "लोरेन, उभी राहा. सकाळी फाटकापाशी तू काय ऐकलंस ते सांग."

लोरेनच्या तोंडात केक होता. तो गिळून ती म्हणाली, "मी? सायकल."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "दलदलीत सायकल! टपालखात्याचं काही खरं नाही."

"हसू नका," आयव्ही म्हणाली. "लोरेन, आवाज करून दाखव."

लोरेन लाजली, पण तिने जीभ टाळूला लावली आणि "किर्रर्रर्र" असा लांबच लांब आवाज काढला. हसणं हळूहळू थांबलं. एकतीस वर्षं त्यांनी आयव्हीच्या तोंडून ती सायकल ऐकली होती.

"एक झाला," आयव्ही म्हणाली. "दुसरा लागतो. पर्ल, बिलीला आत बोलाव."

पर्लच्या हातातली किटली थांबली. "तो यायचा नाही, आयव्ही."

"मी बोलावलंय म्हणून सांग. नाही आला तर मी बाहेर जाते."

बिली आला. दारातच उभा राहिला, टोपी डोक्यावर तशीच.

"बिली, या वर्षी तू चरख्या ऐकलास का?"

"मी ऐकून काय उपयोग, मिस लार्टर? माझा विळा अडकलाय ना त्यात."

चार वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. आयव्हीने ते घेतलं, मान हलवली.

"मी म्हणाले होते तसं. चुकीचं म्हणाले होते. आता सगळ्यांसमोर विचारते, कारण मला कळायला दुसरा मार्ग नाही. आज सकाळी तो पाच मिनिटं ओरडत होता, आणि मी समोर उभी होते, आणि मला काही ऐकू आलं नाही. माझे कान गेलेत, बिली. सगळे नाही. बारीक आवाजांचे गेलेत."

बिलीने टोपी काढली.

"बावीस एप्रिलपासून आहे," तो हळू म्हणाला. "एक फाटकापाशी. दुसरा गिरणीच्या चराला."

"गेल्या वर्षी?"

"दोन."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"तीन. त्याच्या आधी दोन. आणि पहिल्या वर्षी एक, तुम्हाला सांगायला आलो होतो तो. शेडच्या दारावर तारखा आहेत सगळ्या. बा लिहायचा तसं लिहितो मी खडूने, पहिल्यांदा ऐकला की. बघायच्या तर बघा."

"बघायला कशाला पाहिजे," आयव्ही म्हणाली आणि लिहू लागली. चार वर्षांची पानं तिने मागे उलटली, प्रत्येक पानावर "नाही" खोडलं, "जाळीतोडीनंतर" खोडलं, आणि बाजूला आकडे लिहून खाली सही केली. ती पानं तशीच, खाडाखोडीसकट, सोमवारी कमिटीपुढे जाणार होती.

सिरिलने घसा खाकरला. "आयव्ही, मलाही येत नाही ऐकू. सातआठ वर्षं झाली. ऑर्गनच्या वरच्या पट्ट्या मी नुसत्या बोटांनी वाजवतो."

"मग तू दर वर्षी 'नाही' कशावरून म्हणायचास?"

"तुझ्याकडे बघून."

"आणि मी तुझ्याकडे बघून खात्री करून घ्यायचे!" आयव्ही म्हणाली. आधी पर्ल हसली, मग सगळेच हसले, आयव्हीही. पण वही मिटताना तिने ती आपल्यापुढे न ठेवता लोरेनच्या बशीशेजारी सरकवली.

"पुढच्या मेपासून पाखरं तू ऐक. नावं मी सांगेन. जूनमधल्या चतुरांच्या फेऱ्या मात्र माझ्याच. ते बोलत नाहीत, बरे असतात बिचारे."

"मला कोंबडीच कळते हो, मिस लार्टर!"

"निम्मं काम झालं असं मी सकाळीच सांगितलं होतं."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आयव्हीच्या दारावर टकटक झाली. ती तिला चांगली ऐकू आली. बाहेर बिली होता.

"चल," तो म्हणाला. "ऊन आहे अजून. दुर्बीण घे."

फाटकापाशी आल्यावर बिलीने जरा वेळ कान दिला, मग तिच्या खांद्यामागून हात पुढे करून बोट दाखवलं. "ती वाकलेली फांदी. पांढऱ्या फुलांच्या वर, वीतभर डावीकडे."

आयव्हीने दुर्बीण लावली. पानं, काटे, फुलं, आणि मग तो. इतक्या वर्षांत तिने त्याला धड पाहिलेलंच नव्हतं, नेहमी ऐकलाच होता. मातकट पाठ, त्यावर काळसर रेघा. चोच आ वासलेली, आतून पिवळी. गळा फुगलेला, आणि सगळं अंग, थेट शेपटीच्या टोकापर्यंत, थरथरत होतं. डोकं हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळत होतं.

"आता चालू आहे," आयव्ही म्हणाली.

"हो."

चोच मिटली. "थांबला."

"थांबला."

तो जरा सरकला, अंग झटकलं, चोच पुन्हा उघडली. "सुरू झाला."

"झाला, मावशी."

आयव्हीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मागे ऊन लव्हाळ्यांवर उतरत चाललं होतं. हात दुखू लागले तेव्हा तिने दुर्बीण खाली घेतली. नुसत्या डोळ्यांना ती फांदी फांदीच दिसत होती, आणि दलदल गप्प होती.

"अजून चालू आहे?" तिने विचारलं.

"चालू आहे."

"मग थांबू या थोडा वेळ," आयव्ही म्हणाली, आणि फाटकावर कोपर टेकून उभी राहिली.